अपेक्षित उत्पन्नाचा रकाना

सोलापुरातून पुण्याच्या दिशेने निघाले की बाळे मागे पडते आणि केगाव येते. केगावला विद्यापीठ आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण केले आहे. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेले की चिंचोळी एमआयडीसी लागते. मोहोळ तालुक्यातील चिंचोळी काटीच्या माळावरच्या या वसाहतीत रसायने, औषधांचा कच्चा माल, वाहनांच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट असे बरेच काही तयार होते. शिफ्ट सुटण्याच्या वेळी या रस्त्यावर जी तरुण मुले दिसतात, त्यांतली काही सकाळी आमच्या वर्गात बसलेली असतात. विद्यापीठ आणि कारखाना एकाच रस्त्यावर असावेत हा योगायोग असेल. पण सोलापुरातल्या कित्येक घरांमध्ये मुलाच्या भवितव्याचा निर्णय या दोन थांब्यांच्या दरम्यानच कुठेतरी होतो.

असाच एक विद्यार्थी काही दिवसांपूर्वी भेटायला आला. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेला, सुटीत चिंचोळीला कंत्राटदाराकडे कामाला लागलेला. आई विड्या वळते. थोरल्या भावाच्या अभियांत्रिकीच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. आता याच्यासाठीही तसेच कर्ज काढावे असे घरात ठरत होते आणि याला मात्र मराठी घेऊन बी. ए. करायचे होते. त्याच्या हातात शैक्षणिक कर्जाचा अर्ज होता. त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवून त्याने विचारले, "मॅडम, बी. ए. मराठी केलं तर इथं काय लिहू?" रकाना होता अभ्यासक्रमानंतरच्या अपेक्षित उत्पन्नाचा.

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. आवडीचा विषय शिकावा की कर्ज फिटेल असा विषय शिकावा, हा प्रश्न आपण हल्ली इतक्या सहजतेने विचारतो की तो सनातन असावा असे वाटू लागते. तो तसा नाही. शिक्षणासाठी ऋण काढणे आपल्याकडे जुनेच आहे; परंतु ते ऋण कशाने फेडायचे याची उत्तरे महाराष्ट्राने वेळोवेळी वेगवेगळी दिलेली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास पाहिल्याशिवाय त्या रकान्याचा अर्थ लागणार नाही.

पेशवाईतील श्रावणमासाची दक्षिणा हे यातले एक जुने उदाहरण. विद्येला राज्याने द्रव्य द्यावे आणि परतफेड मागू नये, ही त्यामागची कल्पना. अर्थात ती विद्या एकाच वर्णाची होती, हे विसरून चालणार नाही. इंग्रजी अमलात त्या निधीचे काय करायचे हा वाद निघाला, तेव्हा १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी त्याचा काही भाग मराठी ग्रंथरचनेसाठी वापरावा असा अर्ज केला. त्या अर्जामागे लोकहितवादी होते आणि सनातन्यांच्या रोषापासून सुधारकांचे रक्षण करण्यासाठी जोतीराव फुले पुढे आले होते. भाषेच्या अभ्यासाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न आपल्या आधुनिक इतिहासाच्या अगदी दाराशी उभा आहे तो असा.

दानाच्या पुढचा टप्पा कराराचा. येथे सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाचे नाव घ्यावेच लागते. धर्मानंद कोसंबी गोव्यातून निघून, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे हिंडून पाली शिकून आले. पालीच्या अभ्यासाला महाराष्ट्रात त्या वेळी बाजारभाव असा नव्हताच. कलकत्ता विद्यापीठात त्यांना अधिक वेतनाचे काम मिळत होते. सयाजीरावांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट अशी की त्यांनी महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कोसंबींनी कलकत्ता सोडले. हा व्यवहारच होता, पण परतफेड पुस्तकांत मोजली गेली. ज्या विषयासाठी ऋण, त्याच विषयात फेड.

दुसरा करार अधिक प्रसिद्ध आहे आणि अधिक कठोरही. ४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाने बडोदा संस्थानाशी करारपत्र केले. कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करायची. आजच्या भाषेत हा 'बॉण्ड'. पण त्या बॉण्डच्या आत त्यांनी काय शिकून घेतले ते पाहण्यासारखे आहे. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ आहेत; शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. चाकरीपुरते शिकणाऱ्या माणसाची ही यादी नव्हे.

१९१७ मध्ये करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. शहरात राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत, पारशी खाणावळीतून त्यांना बाहेर काढण्यात आले. थोड्याच दिवसांत बडोदा सोडावे लागले आणि संस्थानाकडून रकमेच्या परतफेडीची मागणी मात्र पुढे होत राहिली. या प्रसंगाकडे आपण जातिव्यवस्थेच्या क्रूरतेचा दाखला म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण ऋणाच्या इतिहासात त्याचा आणखी एक अर्थ आहे. ऋणको फेडायला तयार होता. फेडण्यासाठी लागणारी जागा समाजाने त्याला दिली नाही. प्रत्येक शैक्षणिक कर्जाच्या पोटात एक न लिहिलेले कलम असते. शिकून आलेल्याला सामावून घेणारे काम, घर, शहर अस्तित्वात असेल, असे ते कलम सांगते. ते मोडले तर दोष कोणाचा, हे करारपत्रात कुठेच लिहिलेले नसते.

याच आंबेडकरांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एक ऋण अंगावर असताना दुसरे काढले, तेही राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी. परतल्यावर २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेचे उद्देश वाचताना लक्षात येते की त्यांत वसतिगृहे आहेत, वाचनालये आणि अभ्यासमंडळे आहेत, आणि औद्योगिक व शेतकी शाळाही आहेत. पोटाचे शिक्षण की मनाचे शिक्षण असा पर्याय तेथे मांडलेला नाही. दोन्ही एकाच कागदावर आहेत.

आणि येथे हा इतिहास आमच्या शहरात येतो. सभेने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ रोजी. मुलांचे जेवण, कपडे, लेखनसाहित्य यांचा खर्च सभा करी. सोलापूर नगरपालिकेने त्याला चाळीस रुपयांचे अनुदान मंजूर केले होते. या वसतिगृहातल्या मुलांनी सभेच्या मदतीने 'सरस्वती विलास' नावाचे एक मासिक चालवले.

मी वर्गात हे सांगते तेव्हा मुले वसतिगृहाच्या उल्लेखापाशी फारशी थांबत नाहीत. मासिकाच्या नावापाशी थांबतात. ज्यांना अंगावरचा कपडा दुसऱ्याच्या निधीतून मिळत होता, त्या मुलांनी आधी मासिक काढावे? शहाण्या माणसाच्या हिशेबात हे बसणारे नाही. गिरणीत लवकर चिकटवून देणारे काही शिकवले असते तर अधिक 'उपयोग' झाला असता असे म्हणता येईल, कारण सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव होते. १८७७ पासूनची जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर गावाचे घड्याळ चालायचे. त्या 'उपयोगी' गिरण्यांपैकी बहुतेक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंद पडल्या. उपयोगाचा अंदाजसुद्धा एका पिढीपलीकडे टिकत नाही, हे सोलापूरकरांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

तिसरे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली, पुढे साताऱ्याचे वसतिगृह आले आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. भाऊरावांनी ऋणाची परतफेड भविष्यकाळातून उचलून वर्तमानकाळात आणली. शिकत असतानाच श्रम करायचे आणि विद्या घेताना मिंधे राहायचे नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात हेच तत्त्व पदवी शिक्षणाला लागू झाले. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज विद्यापीठाच्या योजनांत रुळले आहेत. मूळ कल्पनेत मात्र एक गोष्ट होती, ती आपण विसरलो : श्रम वसतिगृहाच्या शेतावर होते आणि वेळापत्रक शाळेच्या हातात होते. चिंचोळीला कंत्राटदाराकडे जाणारा मुलगाही कमावतो आणि शिकतो. पण त्याची शिफ्ट आमच्या तासांना विचारून लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्याने दोन वाटा एकत्र चालवल्या. एक शुल्कमाफीची. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनच चालू होती. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी ईबीसी सवलत आली आणि ग्रामीण महाराष्ट्रातील एक अख्खी पिढी महाविद्यालयात पोहोचली. दुसरी वाट कर्जाची, आणि तिचा एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. केंद्र सरकारने १९६३-६४ मध्ये राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. हुशार आणि गरजू विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज मिळे. नोकरी लागल्यावर ते हप्त्यांनी फेडायचे. मात्र कर्जदार अध्यापनाच्या व्यवसायात शिरला, तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा एक दशांश माफ होई. दहा वर्षे शिकवले की कर्ज संपले.

या कलमात एक कबुली आहे. काही कामे समाजाला हवी असतात, पण त्यांचे मोल बाजार देत नाही. म्हणून ती करणाऱ्याचे ऋण कामातच वळते करून घ्यावे, हे राज्याने कागदावर मान्य केले होते. बडोद्याचा वर्षाला एक पुस्तकाचा हिशेब आणि हा वर्षाला एक दशांशाचा हिशेब यांचे नाते उघड आहे. योजनेची वसुली फार वाईट होती, हेही सांगितले पाहिजे. कर्जे थकत गेली आणि योजना गुंडाळली गेली. तिच्याबरोबर ते कलमही गेले. त्याची चर्चा तर दूरच, आठवणही कोणी ठेवली नाही.

पुढचा इतिहास जवळचा असल्याने थोडक्यात सांगते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. गावोगावच्या मुलांना तंत्रशिक्षण जवळ आले, हे या निर्णयाचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण शुल्काचा भार घरांवर आला. २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली : देशात शिकण्यासाठी साडेसात लाखांपर्यंत, परदेशासाठी पंधरा लाखांपर्यंत. २००९ मध्ये साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षणकाळातील व्याज सरकारने भरण्याची योजना आली. मात्र ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास गटांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, तेही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पीएम विद्यालक्ष्मी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तिचा लाभ संस्थेच्या राष्ट्रीय क्रमवारीवर ठरतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी मराठी शिकणाऱ्या मुलीला या दोन्ही बातम्या सारख्याच दूरच्या आहेत.

सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांच्या मुलांना केंद्रीय कामगार कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते. तिच्या दरपत्रकात साध्या पदवीला वर्षाला सहा हजार रुपये आहेत आणि व्यावसायिक पदवीला पंचवीस हजार. व्यावसायिक शिक्षणाचा खर्च अधिक, म्हणून रक्कम अधिक. त्यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. पण विड्या वळणारी आई हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचते, तेव्हा तिला त्यातून खर्च दिसत नाही, किंमत दिसते. सरकारच सांगते आहे की कशाची किंमत किती.

येथे माझ्याच म्हणण्यावर एक आक्षेप मला घेतला पाहिजे. जुन्या काळाचे मी गोडवे गाते आहे काय? दक्षिणा जातीवर मिळत होती. बडोद्याची मदत एका राजाच्या मर्जीवर होती. सयाजीरावांसारखा राजा एखादाच आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारे विद्यार्थीही मोजकेच. बँक निदान अर्जदाराला मुजरा करायला लावत नाही. कर्ज हा हक्काने मागता येणारा व्यवहार आहे आणि त्याने कित्येक मुलामुलींना गावकीच्या, भावकीच्या मिंधेपणातून सोडवले आहे. हे सारे मला मान्य आहे. शिवाय आवड म्हणजे साहित्यच असे समजणे हा आम्हा मराठीच्या शिक्षकांचा अहंकार आहे. यंत्राच्या प्रेमात पडलेली, रसायनशास्त्रात जीव रमणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी कर्ज हाच आवडीचा मार्ग असतो.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कला शाखा स्वस्त आहे, म्हणून तेथे कर्ज नाही, हा भ्रम आहे. बी. ए., एम. ए., मग बी. एड. किंवा सेट-नेट, मग तासिका तत्त्वावरची वर्षे. दर तासाला मोजून मिळणारे मानधन, तेही सुटीत बंद. या काळात घरचा जो खर्च भाऊ किंवा आई उचलते, ते कर्जच असते. त्याला खातेक्रमांक नसतो इतकेच. माझ्या वयाचे कित्येक सहकारी चाळिशी ओलांडल्यावरही हे फेडत आहेत. विद्यार्थ्याला मराठीकडे बोलावताना हे लपवणे म्हणजे फसवणूक.

मग आवडीच्या बाजूने बोलायला काय उरते? आमच्याच जिल्ह्यात त्याचे उत्तर देणारी माणसे आहेत. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करीत होते, मराठीत एम. ए. झाले, १९८४ मध्ये 'अक्करमाशी' आले, पुढे ते मुक्त विद्यापीठात गेले आणि २०२० चा सरस्वती सन्मान त्यांच्या 'सनातन' या कादंबरीला मिळाला. लक्ष्मीनारायण बोल्ली तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातले. घरची भाषा एक, लेखनाची भाषा दुसरी. त्यांनी आत्मकथनाला नाव दिले 'एका साळियाने'. मी ही नावे यशोगाथा म्हणून सांगत नाही. एका लिंबाळ्यांमागे न लिहिता राहिलेले किती, याची गणती कोणाकडे नाही. सांगायचे आहे ते इतकेच, की मजुराच्या, विणकराच्या घरातून आलेल्या माणसाने भाषा शिकली नसती तर त्या घरांबद्दल मराठीला जे कळले ते कळले नसते. हा लाभ त्या व्यक्तीच्या उत्पन्नात दिसत नाही. तो सर्वांना मिळतो आणि म्हणूनच त्याचा खर्च एकट्याने सोसावा असे म्हणणे न्यायाचे नाही.

या साऱ्या इतिहासातून मला दिसते ते असे. कोसंबींनी ऋण पुस्तकांनी फेडावे, रयतेच्या मुलाने श्रमाने फेडावे, शिक्षकाने शिकवण्याच्या वर्षांनी फेडावे, असे वेगवेगळे पर्याय येथे होते. ते एकेक करून गेले आणि पैसा हेच फेडीचे एकमेव चलन राहिले. त्या दिवसापासून 'कर्ज की आवड' हा प्रश्न अठरा वर्षांच्या मुलाचा खासगी प्रश्न झाला. तो सोडवता आला नाही की आपण त्याला अव्यवहारी म्हणतो, किंवा भित्रा म्हणतो. अध्यापनाच्या प्रत्येक वर्षामागे दशांश माफ करणारे कलम पुन्हा आणण्याची मागणी आपण प्राध्यापकांच्या संघटनांनी कधी केली आहे काय? आपण आपल्या वेतनश्रेणीसाठी लढलो, ते योग्यच होते. विद्यार्थ्याच्या ऋणाचा प्रश्न आपल्या मागणीपत्रात नव्हता.

त्या मुलाला मी शेवटी दोन गोष्टी सांगितल्या. नुसते कर्ज मिळते आहे म्हणून नावडत्या अभ्यासक्रमाला जाऊ नकोस; अर्धवट सोडलेल्या पदवीचेही हप्ते पूर्ण भरावे लागतात. आणि मराठीला आलास तर भाकरीची दुसरी सोय पहिल्या दिवसापासून लावून घे. भाषांतर, मुद्रितशोधन, स्पर्धा परीक्षा, काहीही. त्याने विचारले, "आणि रकान्यात?" मी म्हणाले, "बी. ए.साठी कर्ज काढायची वेळच येऊ नये असं बघू." ते कसे बघायचे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याने प्रवेश घेतला आहे. चिंचोळीचे काम सोडलेले नाही. रात्रपाळी असली की पहिल्या तासाला तो नसतो आणि हजेरीपटावर मला गैरहजेरी मांडावी लागते. विभागातल्या आम्ही चौघांनी मिळून एक लहानसा निधी सुरू केला आहे आणि मराठीचा पहिला तास थोडा उशिरा घेता येईल का, याचा अर्ज प्राचार्यांकडे दिला आहे. सोलापूर नगरपालिकेच्या त्या चाळीस रुपयांइतकेही हे मोठे नाही. उत्तर अद्याप आलेले नाही.